ताईच्या हातची व्हिस्की

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. प्रत्यक्ष घालायला गेलो तर गुडघा मला परत उठू देणार नाही आणि उरलेलं पत्र जमिनीवरूनच लिहावं लागेल.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तिसरे, म्हणजे तुझे यजमान आणि माझे दाजी, हेही खुशाल आहेत, हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या छातीत धडधडायला नको. बाळ-बाळंतीण कशी आहेत? बाळ रात्रभर जागवतं असं कळलं. जागवू दे, त्याच्या आईनेही तुला कमी जागवलं नव्हतं. फोटो पाहून ही म्हणाली की बाळाचं नाक थेट दाजींवर गेलंय. मी म्हटलं, अजून मऊ आहे, सुधारेल. तुझी पाठ कशी आहे? लेकीचं बाळंतपण काढायला गेलेल्या बाईने स्वतःची पाठ धरून बसू नये, तेव्हा जपून.

तू विचारशील, फोन असताना हा पत्राचा उद्योग कशाला. तर तुझा फोन आला की दाजी हातातलं वर्तमानपत्र टाकून माझ्या शेजारी येऊन बसतात आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून कान टवकारतात. जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. जाताना तू मला दाजींच्या गोळ्या समजावल्यास, मोजे कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगितलंस, वाद घालू नकोस अशी शपथ घातलीस. व्हिस्कीबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाहीस. त्या न बोलण्यामागे काय दडलं होतं ते आता माझ्या ध्यानात आलंय.

दाजी काय चीज आहे हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच, पण वैतागलेला माणूस समोरच्याला माहीत असलेलंच सांगत बसतो, तेव्हा ऐकून घे. उभा जन्म वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. पेट्रोलपंपापासून फुलवाल्यापर्यंत कुणाचं माप त्यांनी कधी खरं धरलं नाही. निवृत्त झाले तेव्हा बाजारातल्या दुकानदारांनी मिळून हार घातला, तो कौतुकाचा होता की सुटकेचा, यावर अजून एकमत नाही. नोकरी सुटली, पण ते सरकारी शिक्क्याचं पितळी माप काही सुटलं नाही. आमच्याकडे येतानाही ते मोज्यात गुंडाळून आणलंय. संध्याकाळी फिरून आले की गॅलरीत खुर्ची टाकायची, माप टेबलावर ठेवायचं, खाली वाकून डोळ्याच्या रेषेत आणून भरायचं आणि ग्लासात उपडं करून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवायचं. एक माप, आणि तेही कोरं. त्यात पाणी नाही, सोडा नाही, बर्फ तर नाहीच नाही. (बर्फ म्हणजे गोठून बसलेलं पाणी, त्याला वेगळी वागणूक कशाला, असं त्यांचं म्हणणं.)

आणि त्यांच्यासमोर मी. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी पाण्याचे नमुने कोमट करून हुंगणारा मनुष्य. गावात कुठली जलवाहिनी फुटली आणि कुठल्या टाकीत शेवाळ धरलं हे मी आधी नाकाने सांगतो, मग यंत्र सांगतं. त्यामुळे मी व्हिस्कीत पाणी घालतो ते पाप म्हणून नाही, शास्त्र म्हणून घालतो. थोडं पाणी पडलं की तिचा वास मोकळा होतो, जीभ भाजत नाही, चव कळते. प्रयोगशाळेतला काचेचा थेंबटाक्या मी घरी त्यासाठीच ठेवलाय. हे मी दाजींना किती वर्षं समजावतोय ते तू ऐकत आली आहेस. त्यावर ते एकच सांगणार: जी बनवायला माणसांना इतकी वर्षं लागली ती बिघडवायला तुला एक नळ पुरतो. माझं नाव त्यांनी नळोबा ठेवलं ते त्याच दिवसांत. लेकीच्या लग्नात भर पंगतीत, व्याह्यांसमोर, माझ्या ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाले होते की यात मासे सोडा, छान जगतील. व्याही अजूनही मला भेटले की माशांची चौकशी करतात.

तर अशा माणसाला तू माझ्या घरी आणून ठेवलंस. आल्या दिवशी दाजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून नेहमीच्या छापाची नवी बाटली आणली. संध्याकाळी माप भरलं, उपडं केलं, माझ्या थेंबटाक्याकडे एक दयेचा कटाक्ष टाकला आणि घोट घेतला. ताई, त्यापुढे जे झालं ते पाहून खालच्या मजल्यावरची बाई वर विचारायला आली. दाजींना ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, चष्मा काढून ठेवावा लागला. ही पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तर पाणी म्हटल्यावर त्यांनी तशाही अवस्थेत हाताने नको नको केलं. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी निकाल दिला की बाटलीत भेसळ आहे. मी माझ्या ग्लासात त्याच बाटलीतली घेतली होती. उत्तम होती. पण तू घातलेली शपथ आठवली आणि मी दाणे खात बसलो.

दुसऱ्या दिवशी दाजी माझ्यासकट दुकानात. बाटली पिशवीत, पिशवी माझ्या हातात, आणि दाजींचे दोन्ही हात जुन्या सवयीने पाठीमागे बांधलेले. दुकानदार भला माणूस, गल्ल्यामागे उदबत्तीएवढ्या आवाजात बोलणारा. दाजींनी त्याला बाटलीचं बूच, लेबल, तळ, काचेची जाडी या सगळ्यांवर उलटसुलट विचारलं, परवाना बघायला मागितला, आणि तो त्याने खरंच आणून दाखवला. (निवृत्त माणसालाही लोक परवाना दाखवतात. आवाजात दम पाहिजे.) शेवटी बिचाऱ्याने पदरची दुसरी बाटली फोडली आणि एका छोट्या ग्लासात दाजींना चाखायला दिली. पुन्हा तोच ठसका, त्याच धारा. दुकानात गिऱ्हाइकं जमली. त्यावर त्या भल्या माणसाने अगदी अदबीने सुचवलं की साहेब, थोडं पाणी घालून बघा. मग काय विचारतेस. पाणी घालणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा दाजींनी तिथे उद्धार केला आणि त्या पिढ्यांचा शेवटचा वारस पिशवी धरून शेजारीच उभा होता. गिऱ्हाइकांना तो कळला असावा, कारण एकदोघांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. घरी परतताना दाजींनी जाहीर केलं की हल्ली सगळा मालच खोटा निघतोय, खरी व्हिस्की जगात एकाच ठिकाणी उरली आहे आणि ती म्हणजे आपल्या घरच्या सुरईत.

इथपर्यंत गंमत होती, ताई. नंतर मात्र माझी गंमत आटली. दाजी हट्टाला पेटले. माल खोटा आहे म्हणायचं आणि सोडायचा मात्र नाही. पहिलं माप खरंच वाईट होतं का याची खात्री करायला म्हणून दुसरं माप भरायला लागले. ठसके देत, डोळे पुसत, छाती चोळत. जन्मात एका मापाच्या वर न गेलेला माणूस. डॉक्टरांनी त्यांना काय बजावलंय ते तू मला सांगितलं आहेस, आणि दाजींनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलंय हेही. तू तिकडे बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, आणि इकडे माझ्या गॅलरीत तुझ्या नवऱ्याला काही झालं तर तुला मी कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ? मी भीत भीत म्हटलं की दाजी, आज राहू द्या. ते म्हणाले, नळोबा, तू तुझे मासे सांभाळ.

मग एके संध्याकाळी त्यांनी बॅगेतून एक चपटी बाटली काढली, घरून प्रवासासाठी भरून आणलेली. तळाशी दोन घोट उरले होते. म्हणाले, मी खोटं बोलतो असं तुला वाटतंय ना, मग ही घे, घरची आहे, सुरईतली. चाखून बघ खरा माल कसा असतो तो. मी आधी हुंगली. मग जिभेवर घेतली. आणि ताई, पुन्हा एकदा हुंगली.

माझ्या नाकाला मी फसवू शकत नाही. त्या चपटीत व्हिस्की होती, नाही असं नाही, पण आपले पाहुणे निघून गेल्यावर घरात त्यांचा वास राहतो तितपत होती. बाकी सगळं पाणी. आणि कुठलंही पाणी नव्हे, तुमच्या गावचं, ते किंचित लोखंडी चवीचं, खळखळून उकळून गार केलेलं. मला डोळ्यांसमोर सगळं दिसायला लागलं. बाटली दाजी आणतात, पण ती सुरईत तू ओततेस, कारण दाजींच्या हातून सांडते. सुरई तुझ्या ताब्यात, चहाचं भांडं तुझ्या ताब्यात, आणि डॉक्टरांचं ऐकणारं त्या घरात एकटं तूच. (एक शंका विचारून घेतो. जी व्हिस्की तू बाटलीतून काढून घेतेस ती जाते कुठे? तुझा फळांचा केक गेली काही वर्षं असा काय साधायला लागलाय, आणि दारूच्या नावाने बोटं मोडणाऱ्या तुझ्या थोरल्या वन्सं त्याचे तीन तीन तुकडे का मागून घेतात, हे मला आत्ता आत्ता उमगतंय.)

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. आजवरच्या आयुष्यात मी दाजींना एकदाही वादात हरवलेलं नाही, आणि आता जगज्जेता होण्याइतका पुरावा माझ्या जिभेवर होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. मासे, नळोबा, व्याह्यांसमोरची ती पंगत, सगळ्याची सव्याज परतफेड. मी तोंड उघडलंही. समोर दाजी चष्मा पुसत, ठसक्याने दमलेले, माझ्याकडे टक लावून बघत बसले होते. मला वाटलं, याला हे कळलं तर उद्यापासून हा सुरईला स्वतः कुलूप लावील आणि हट्टाने कोरी पिईल, आणि मग त्याला थांबवणं तुझ्याही हातात राहणार नाही. म्हणून मी म्हटलं, खरंय दाजी, असा माल आता मिळत नाही. आयुष्यात इतकं जड वाक्य मी उच्चारलेलं नाही. शिवाय तुझी कारागिरी पाहून मला अभिमानही वाटला. मी शास्त्र शास्त्र म्हणून थेंब टाकत राहिलो आणि तू न बोलता वाद जिंकून मोकळी झालीस.

तेव्हापासून मी चोरासारखा जगतोय. दाजी फिरायला गेले की मी स्वयंपाकघरात बाटली, नरसाळं आणि पाणी घेऊन बसतो. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतून आणलेलं ऊर्ध्वपातित पाणी घातलं, जगातलं सर्वांत शुद्ध. दाजींनी एक घोट घेतला आणि म्हणाले, ठसका नाही, पण ही मेलेली आहे. मग नळाचं घातलं, तर त्यांना पोहण्याच्या तलावाची आठवण झाली. (बरोबरच आहे, त्या दिवशी क्लोरीन आम्हीच जरा जास्त सोडला होता.) मग उकळून गार केलेलं. त्यावर म्हणाले, आज जरा माणसात आहे, पण घरची नव्हे. मी खिळ्यांचा डबा समोर घेऊन बसलोय, ताई, आणि एखादा खिळा पाण्यात उकळावा का असा विचार करतोय. पाण्यातच केस पांढरे झालेल्या माणसावर ही वेळ यावी. जमेची बाजू एवढीच की दुसरं माप बंद झालंय आणि चेहऱ्याचा रंग परत आलाय. पण दाजी रोज घोट घेऊन गॅलरीतून लांब कुठेतरी बघतात आणि खुश काही होत नाहीत.

असो. लेकीला अनेक आशीर्वाद, बाळाच्या नाकाला पापा, जावईबापूंना नमस्कार. त्यांच्यावरही हीच विद्या चालवायची असेल तर लेकीला लवकर शिकव, लहानपणी शिकलेलं टिकतं. घाईत लिहिलंय, चूकभूल पोटात घाल.

तुझा धाकटा भाऊ,
नळोबा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण वर कुठे आलंच नाही. कृपा करून उलट टपाली प्रमाण कळव. एका बाटलीत किती काढतेस आणि किती घालतेस? पाणी कोमट असताना की पूर्ण गार झाल्यावर? आणि कुठल्या भांड्यात उकळतेस? मला त्या चवीत आणखी काहीतरी लागलं होतं आणि ते काय होतं ते सापडत नाहीये.

आणखी ता. क. : काल पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. संध्याकाळी दाजींनी नेहमीसारखं माप भरलं, घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, कमी पडलं. मी विचारलं, दाणे का? म्हणाले, "पाणी. तुझ्या ताईचा हात सढळ आहे. तू पहिल्यापासून चिकट."

वजनमापे निरीक्षकाच्या स्वतःच्या घरात माल पातळ होतोय आणि त्याला पत्ता नाही असं तुला वाटलं होतं का, असं त्यांनी मला विचारलं. मला खरंच वाटलं होतं. त्यांना म्हणे पहिल्या सुरईलाच कळलं. आता कोरी त्यांच्या घशाखाली उतरत नाही, ठसका लागतो, आणि माझ्या घरात, माझ्यासमोर, पाणी मागायचं म्हणजे इतक्या वर्षांचा वाद एका तांब्यात बुडवायचा. म्हणून भेसळीचा तमाशा, म्हणून दुकानदाराचा छळ. चपटी मला चाखायला दिली ती तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा म्हणूनच. तो पडायला फार वेळ लागला अशी त्यांची तक्रार आहे. मी म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पाणी घालूनच पीत होता की. तर म्हणाले, पाणी घालून पिणं वेगळं आणि बायकोने घातलेलं पिणं वेगळं.

मग ताईला कधी बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी आधी पितळी माप रुमालाने पुसून ठेवलं. म्हणाले, "सुरई भरायची असली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. बाहेर आली की माझ्याकडे बघत नाही, खिडकीकडे बघत बसते. बोललो असतो तर ते बंद झालं असतं." नंतर म्हणाले, तुझ्या पाण्यात खोट नाही, नळोबा, पण त्याला काही अर्थ नाही. आणि आत जाताना दारात थांबून, ती कधी येते ते विचार, मी विचारलं असं लिहू नकोस, एवढं बोलून गेले. तेव्हा कधी येतेस ते कळव. त्यांनी विचारलेलं नाही. आणि हे सगळं तुला सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिलाय, त्यामुळे तू वरचं काही वाचलेलं नाहीस. परत आलीस की दार लोटून घेत जा, नेहमीसारखं.

शेवटचा ता. क. : पाकीट चिकटवायला हिच्याकडे दिलं तर हिने सगळं पत्र वाचून काढलं. मी म्हटलं, आण इकडे, ते प्रमाण विचारलेलं खोडून टाकतो, दाजींना सगळंच ठाऊक आहे तर त्याची आता गरज नाही. ही म्हणाली, राहू द्या, ताईंनी कळवलं तर बरंच होईल, माझं अंदाजाने चाललंय. मी म्हटलं, तू कशाला त्यात पडतेस, दाजींची बाटली मी बघतो. तर म्हणाली, "दाजींच्या बाटलीचं कोण बोलतंय?" आणि आता खिडकीकडे बघत बसली आहे.